दोघांची दुर्बीण

मधुकरराव गेल्याची बातमी आली तेव्हा माझी ओपीडी चालू होती. सेलूच्या स्टँडवर वर्ध्याच्या एसटीची वाट पाहता पाहता ते बसल्या जागीच गेले, असं त्यांच्या पत्नीनं, सुशीलाबाईंनी, फोनवर सांगितलं. मी फोन ठेवला आणि पुढचा पेशंट बोलावला. आर्वीकडून पहाटेच निघालेली माणसं बाहेर बाकांवर बसली होती. त्याला आता महिना होऊन गेला.

मधुकरराव हिंगणीच्या शेतकरी घरातले, वर्ध्याच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आमच्या दवाखान्यात पोटाची दुर्बीण आली. घशातून आत सोडायची लांब, लवचिक नळी. तिच्यात केसाहून बारीक हजारो काचतंतू. त्यांतून उजेड आत जायचा आणि चित्र बाहेर यायचं. पण ते पाहणार एकच डोळा. मी सांगेन ते शिकाऊ डॉक्टरांनी खरं मानायचं. मधुकररावांना हे काही पटेना. वर्षभर खटपट करून त्यांनी मी डोळा लावायचे त्या भिंगाजवळ काचतंतूंचा एक फाटा जोडला, म्हणजे शेजारच्यालाही तेच दिसावं. चित्र अंधुक यायचं, तंतू तुटला की तिथे काळा ठिपका पडायचा, पण दिसायचं.

त्याच फाट्याला डोळा लावून त्यांनी आपल्या थोरल्या भावाचं, रामभाऊंचं, पोट पाहिलं. रामभाऊंनी शेती सांभाळली म्हणून मधुकरराव शिकले होते. भावाला जेवण जाईना, तेव्हा घेऊन आले. तुम्ही पाहू नका, असं मी म्हटलं, ते ऐकेनात. आत गाठ होती, पसरलेली. मी नळी तिथेच थांबवली. नळी काढल्यावर रामभाऊंनी तोंड पुसलं आणि मला नाही, भावाला विचारलं, "काऊन गप्प बसला? काय दिसलं?"

"गाठ हाय, दादा. मोठी हाय."

रामभाऊ म्हणाले, "तू सोता पाह्यलं न? मंग मले आता दुसरीकडं कुठी नेऊ नको."

त्या साली कापूस घरी यायच्या आत रामभाऊ गेले.

पुढे मधुकररावांनी वेगळंच काम धरलं. तंतूतून निरनिराळ्या रंगांचा उजेड पाठवायचा, परत किती येतो ते मोजायचं आणि डोळ्याला दिसण्याआधी गाठ ओळखायची. ऑपरेशनमध्ये काढलेले तुकडे मी त्यांना द्यायचे. निरोगी आणि रोगट यांत फरक यायचा. पण साधी सूजही गाठीसारखंच उत्तर द्यायची, आणि आमच्याकडे सूज नसलेलं पोट विरळाच. वर्षं गेली. परदेशी मासिकांतही हीच अडचण लिहिलेली असे. ती वाचून त्यांना दिलासा मिळायचा की थकवा वाढायचा, कोण जाणे. एकदा चहा पिता पिता म्हणाले, "बाई, हे यंत्र तेव्हा असतं, तरी त्यानं दादाचं काय सांगितलं असतं?" दुसऱ्या दिवशी ते पुन्हा तुकडे न्यायला आले.

मधुकररावांची मोजमापाची खोली दवाखान्याच्या मागच्या अंगाला आहे. मोजमाप चालू असताना बाहेरचा उजेड शिरला तर सगळं वाया जायचं, म्हणून दार वाजवून थांबायचं आणि आतून 'या' आलं की मगच उघडायचं, ही सगळ्यांची सवय. आता तिथे सलाइनची खोकी ठेवली आहेत. परवा सिस्टर एक खोकं आणायला निघाल्या, मीही मागोमाग होते. त्यांनी दार वाजवलं आणि त्या थांबल्या. मीही थांबले...