गुडघ्याची गोळी आणि पोटातला खड्डा

माझी आई अकोटजवळच्या आमच्या मळ्यात झेंडू आणि शेवंती लावते. दिवसभर उकिडवी बसून निंदते, हंगामात उजाडायच्या आत फुलं तोडायला जाते. तीन वर्षांमागे दिवाळीनंतर मी अमरावतीहून चार दिवसांसाठी गेले, तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक दिसला. विचारलं तर म्हणाली, "काही नाही व, हंगामाचा शीण हाय."

दुसऱ्या दिवशी वाफ्यातून उठताना तिला चक्कर आली. ती बांधावरच बसली. मी खोदून खोदून विचारलं, तेव्हा लाजत म्हणाली, "संडास कायीभोर होऊन राहिली, डांबरासारखी. मले वाटलं, पालक खाल्ला म्हणून असन."

"पोट दुखते?"

"जराबी नाही. दुखते तं गुडघे. त्यायची गोयी चालू हाय न."

घरात पाहिलं, तर डब्यात गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्याच पट्ट्या. औषधाच्या दुकानातून आणलेल्या. सकाळी फुलं तोडायला निघताना कोऱ्या चहाबरोबर एक, दुपारी दुखलं तर आणखी एक. दोन महिने झाले होते.

त्याच दिवशी तिला अकोल्याच्या दवाखान्यात नेलं. रक्त बरंच कमी झालं होतं, दोन बाटल्या चढवाव्या लागल्या. नंतर तोंडातून दुर्बीण घातली. डॉक्टरबाईंनी मला पडद्यापाशी बोलावलं. ओल्या गुलाबी भिंतीत एक खड्डा होता, तळाशी पांढरट, कडेला काळसर डाग. मला भीती वाटत होती, तरी नजर हलेना. आपल्या माणसाच्या पोटाच्या आत असं कोण कधी पाहतं?

आईची गुंगी उतरल्यावर डॉक्टरबाईंनी तिला खड्ड्याचं सांगितलं. ती म्हणाली, "म्या गोयी घेतली गुडघ्यासाठी. ते पोटात काय करून राहिली होती?"

हाच प्रश्न माझ्याही मनात होता. डॉक्टरबाई हसल्या आणि स्टूल ओढून बसल्या. म्हणाल्या, शरीर काही द्रव्यं बनवतं. सांध्यात ती सूज आणि दुखणं वाढवतात. तशीच द्रव्यं जठरात आतल्या अस्तराचं रक्षण करतात. गोळी रक्तातून अंगभर फिरते, दोन्हीकडची द्रव्यं कमी करते. मग जठरातलं आम्ल अस्तरालाच खायला लागतं. कित्येकांना पोट दुखतही नाही, एकदम रक्तच जातं, आणि ते पोटात काळं पडून डांबरासारखं बाहेर येतं.

"जेवून घेतली असती तं?"

"पोटात जळजळ कमी झाली असती कदाचित, पण खड्डा टळला असता असं नाही."

आई म्हणाली, "दुकानदारानं नाही सांगतलं. पण म्या तरी कुठं इचारलं?"

ती गोळी बंद झाली, आम्ल कमी करणारं औषध सुरू झालं. दोन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण होती. या वेळी आईनं हट्ट धरला, "मले गुंगी नका देऊ. मलेबी पाहू द्या." घसा बधिर केला, ती कुशीवर पडली. तोंडात नळी असल्यानं बोलता येईना, म्हणून बोटानं पडद्याकडे खुणा करत राहिली. खड्डा भरला होता, फिकट वण तेवढा उरला होता.

परतताना एसटीत ती म्हणाली, "इतकं गुलाबी असते व आतून! न आपण त्यात काहीबी टाकतो."

गुडघे अजून दुखतात. ती मांड्यांचे व्यायाम करते, शेकते, निंदायला पाट घेऊन बसते. औषध घ्यायची वेळ आलीच, तर आधी मला फोन लावते आणि विचारते, "हे पोटात गेल्यावर काय करते, सांग बरं."