रंधा मशीनचं झाकण

मालकांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, दोन बोटं रंधा मशीनमध्ये गेली तेव्हा फळीचं दुसरं टोक माझ्या हातात होतं. ते अलीकडून रेटत होते, मी पलीकडून ओढत होते. फळी संपली आणि तिच्यामागून हात आला. आवाज थोडा बदलला. लाकडातल्या गाठीवरून पातं गेलं की बदलतो तसा. मला गाठच वाटली. सुनेनं धावत येऊन बटण बंद केलं. फिरत्या पात्यावर असायला हवं ते लोखंडी झाकण कोनाड्यात होतं, कुंकवाच्या करंड्याशेजारी.

आदल्या दिवशी खंडेनवमी होती. आमच्याकडं हत्यारांची पूजा मी करते. "झाकण काढा, पात्याला कुंकू लावायचंय," असं मीच म्हणाले होते. त्यांनी काढलं. परत बसवा, हे मी म्हणाले नाही आणि त्यांनाही आठवलं नाही. देवाला यात ओढायचं कारण नाही.

दवाखान्यात बोटं परत बसली नाहीत. ते मशीन भंगारात गेलं. पण दारं-खिडक्यांचं काम चालूच होतं आणि आता मशीनवर सून उभी राहणार होती. तिचा हात कामाला चांगला आहे. तो तसाच राहावा, एवढंच मला पाहिजे होतं.

शेडमध्ये दोन मशीनला जागा नाही. म्हणून दोन्ही कामं करणारं एकच घ्यायचं ठरलं. त्यात वरच्या पाटांवर फळी सरळ करायची. मग पाट उचलून तीच फळी खालून घातली, की ती सगळीकडं सारख्या जाडीची होऊन निघते. आम्ही तिघं अंबाजोगाईला गेलो.

मालकांनी एक रुंद मशीन लगेच पसंत केलं. मी दुकानदाराला म्हणाले, "खालचं काम करून दाखवा, अन् परत वरच्याला लावा."

"लई सोपं हाय, मावशी." त्यानं पान्यानं झाकण सोडवलं, पायाशी ठेवलं, पाट उचलले, खालून एक तुकडा काढला. पाट परत पाडले आणि हात झटकले. "झालं!"

"आता वर चालवून दाखवा."

तो बटणाकडं वळला.

"झाकण तुमच्या पायाशी हाय," सून म्हणाली.

"बोलता बोलता इसरलो बघा," तो हसला.

"आमच्यातबी असंच झालतं," मी म्हणाले. मालकांनी डावा हात खिशात घातला.

दुसऱ्या मशीनचं झाकण पाटालाच जोडलेलं होतं, पाटाबरोबर वर जायचं आणि खाली यायचं. ते जागेवर नसेल तर मशीन सुरूच होत नव्हतं. सुनेनं झाकण वर धरून तीनदा बटण दाबून पाहिलं.

"ह्यात रुंद फळी मावायची न्हाई," मालक म्हणाले. "अन् जपून काम करणाऱ्याला काय करायचंय असलं?"

ते चाळीस वर्षं जपूनच काम करत होते. त्या दिवशीही करत होते.

"दोन पट्ट्या जोडा," मी म्हणाले.

"जोड दिसतो."

"दिसू द्या. तुमचा हातबी दिसतोच."

"ऐकलं का?" ते दुकानदाराला म्हणाले. "घरी हिच्यावर झाकण बसत न्हाई, अन् मशीनला पाहिजे!"

सून हसली. मग तेही हसले, आणि तेच मशीन बांधून द्यायला सांगितलं.

यंदा खंडेनवमीला मी झाकणाला वरूनच कुंकू लावलं.

"पात्याला न्हाई का, आत्याबाई?" सुनेनं विचारलं.

"न्हाई."

दसऱ्याला तिनं मशीन सुरू केलं. पलीकडून फळी घ्यायला मालक उभे राहिले, आठ बोटांनी. मी दारात बसून पाहत होते. फळी संपली तेव्हा माझी नजर फळीवर नव्हती, सुनेच्या हातावर होती. हात झाकणापाशी थांबला.

बोटं गेली त्या दिवशीही शेडमध्ये आम्ही तिघंच होतो, मालक, सून आणि मी. तिघंही जिवंत आहोत.