डाळ निवडायच्या जागी

लातूरच्या ज्या डाळ मिलमध्ये मी मुनीम आहे, तिथं नांदेडहून एक मॅडम कामगारांच्या सुरक्षेचा अभ्यास करायला येतात. भेटल्या की नमस्काराआधीच विचारतात, "कुठं दुखायलंय?" माणसाच्या चेहऱ्याआधी त्यांना त्याची पाठ दिसते.

परवा शेठ म्हणाले, "बाया खाली बसूनच डाळ निवडतात. सवय हाय त्यांना."

मॅडम वाद न घालता बायांमध्ये मांडी घालून बसल्या. "मग आपली मीटिंग इथंच घेऊ." शेठही हसत बसले. मॅडमनी बोलणं मुद्दाम लांबवलं. शेवटी त्या उठल्या, पण शेठचा गुडघा काही सरळ होईना. शेठनी हात पुढं केला. मॅडमनी तो धरला, पण ओढला नाही.

"या बायांना रोज कोण उठवतं हो, शेठ?"

शेठला असं खालून वर बघताना मी पहिल्यांदाच पाहिलं.