मासोळीचा ताल चालणार नाही

आमच्या जेंबेच्या क्लासचे किस्से मी कधी जमवले नाहीत. रविवारी शिकवायला जायचं, डोकं धरून परत यायचं, की एक किस्सा सोबत घरी आलेला असतो.

जेंबे म्हणजे पश्चिम आफ्रिकेचा, हातानं वाजवायचा ड्रम. मी नागपूरला शिकलो आणि साकोलीत शिकवतो, भाऊरावांच्या खताच्या दुकानावरच्या हॉलमध्ये. हॉल देताना भाऊरावांनी अट घातली, "पोळ्यापर्यंत एक ताल न तोडता वाजवून दाखवा. नाही तं हॉल ट्यूशनवाल्याले देतो." दुसरा हॉल मला कोण देणार? अख्खा क्लास त्या एका तालावर टांगलेला.

सोपा म्हणून आधी 'कुकू' घेतला. उत्साहात सांगून बसलो, की तिकडं गिनी देशात बाया मासे धरून आल्या की हा वाजवतात. भजनी मंडळाचे ढोलकीवाले रामाजी, क्लासमधला सगळ्यात तयार हात. त्यांनी ड्रम बाजूला सरकवला.

"मी माळकरी माणूस. मासोळीचा ताल नाही वाजवत."

"रामाजी, ड्रममध्ये मासोळी नाही."

"तालात हाये ना."

तीन रविवार त्यातच गेले.

मग 'यान्कादी'. संथ, नवशिक्यांना झेपणारा. शकुनकाकू, रिटायर्ड अंगणवाडी सेविका, सुनेला घेऊन क्लासला येतात. त्यांनी विचारलं, "हा कायचा?" मी गाढव! सांगितलं, पोरं-पोरी समोरासमोर नाचून एकमेकांना पसंत करतात, त्याचा. काकूंनी सुनेकडं पाहिलं, सुनेनं खिडकीबाहेर.

"सासू-सुनेनं समोरासमोर बसून हा वाजवाचा? पहिले तुमच्या आईसमोर वाजवून दाखवा, मास्तर."

ठरवलं, आता प्रसंग सांगायचाच नाही. तर पुढच्या तालाला कोणी हातच लावेना.

"प्रसंग माहीत नाही, तं हात कसा पडन?" रामाजी म्हणाले. "मयतीचा निघाला अन् मी घरी रियाज करत बसलो, तं बायको जेवाले देईन का?"

आणि तोडण्याचा तर रोगच. हे ताल गोल फिरत राहतात. मी ठरलेली खूण वाजवली की सगळ्यांनी एकदम थांबायचं. पण चार फेऱ्या झाल्या की रामाजी सवयीनं तिहाई मारतात, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून शेवट करतात, आणि मान वर करून वाहवाची वाट पाहतात. त्यांचं पाहून बाकीचे थांबतात. एकटा मी बडवत असतो. वरून ऐकायचं, "अंतरा संपला ना, मास्तर." मी कपाळ बडवलं तर त्यालाही तिहाई देतील.

शेवटी 'कासा' आठवला. शेतात माणसं राबत असतात तेव्हा वाजवायचा, काम संपेपर्यंत. माळ आडवी नाही, सून आडवी नाही. सगळे खूश. रामाजींनी एवढंच विचारलं, "मंग आपण हॉलात काहून वाजवून राहिलो?" मी दुर्लक्ष केलं.

पुढच्या रविवारी हॉल रिकामा. माणसं नाहीत, ड्रमही नाहीत. खाली दुकानात कळलं, एकोडीला भाऊरावांच्या शेतात रोवणा, म्हणजे धानाची लावणी, सुरू आहे, सगळे तिकडंच गेले. रागारागानं गाडी काढली.

धुऱ्यावर, शेताच्या कडेला, ओळीनं बसून माझा क्लास 'कासा' वाजवत होता. बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, चिखलात वाकलेल्या बाया त्याच ठेक्यावर धान रोवत होत्या. रामाजींची तिहाई गायब. राग विसरून मीही एक ड्रम ओढला. एक बांधी झाली, दुसरी झाली, तिसरी झाली, ताल काही तुटला नाही. माझे हात सुजले, तेव्हा मी खूण वाजवली. सगळे एकदम थांबले. पहिल्यांदा. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं.

छत्री घेऊन उभ्या असलेल्या भाऊरावांना म्हटलं, "भाऊ, झाला ना पूर्ण? न तोडता?"

भाऊरावांनी पलीकडं पाहिलं. बायाही कंबर सरळ करून माझ्याकडंच पाहत होत्या.

"दोन बांध्या बाकी हायेत, मास्तर. तोडला तं तुम्हीच."