बू तुकिनाहचं माप

विदारतीने बू तुकिनाहला पहिल्यांदा नीट पाहिलं ते लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात, शेजारी कार्य निघालं तेव्हा. जावा बेटावरच्या, क्लातेनजवळच्या त्या गावात कार्यघरी बायका तीन दिवस आधीपासून स्वयंपाकाला जातात आणि कामं वाटून देते तुकिनाह. नव्या सुनेच्या वाट्याला तेंपेच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, वड्यांच्या बारीक काड्या चिरणं आलं. काड्या बोटाएवढ्या जाड झाल्या. बायका हसल्या. तुकिनाहने एक काडी उचलून पाहिली.

"बोटाएवढीच आहे गं. माझी पहिल्या खेपेला मनगटाएवढी होती," ती म्हणाली आणि शेजारी बसून निम्म्या काड्या स्वतःच चिरून टाकल्या.

विदारती शाळेत जावानीज शिकवायची; गाव तिला ‘बू गुरू’, म्हणजे मास्तरीणबाई, म्हणायचं. ‘तेपा सलिरा’ हा शब्द ती दरवर्षी फळ्यावर लिही. अर्थ : दुसऱ्याची चूक सांभाळून घेणं, नरमाईनं वागणं. मग फोड सांगे. तेपा म्हणजे माप, आणि सलिरा म्हणजे संस्कृतातून आलेलं शरीरच. दुसऱ्याचं वागणं आधी आपल्या अंगाला लावून बघायचं, मग बोलायचं. या व्याख्येत कुणाचा एक शब्द चुकला, तरी ती अर्धा गुण कापायची.

बावीस वर्षांनी तिच्या लेकीचं, लारसचं लग्न निघालं. पान तीनशेचं. भात म्बाह समिराहकडे, म्हणजे समिराह आजीकडे, गेली चाळीस वर्षं तिच्याकडेच. ती तांब्याच्या उंच भांड्यात वाफेवर भात शिजवायची. तळाच्या पाण्यात कौलाचा तुकडा टाकायचा. पाणी उकळतंय तोवर तो खडखडतो, गप्प झाला की पाणी घालायचं. त्या सकाळी पाणी आटलं आणि भात करपला. दहाला वऱ्हाड येणार होतं, आणि आठ वाजले होते.

"म्बाहला उठवा तिथून," विदारती म्हणाली. "वय झालंय तिचं. बाहेर पाहुण्यांत बसू दे."

"चाळीस वर्षं चुलीपाशी बसलेली बाई आज बाहेर खुर्चीवर दिसली, तर गाव काय समजेल?" तुकिनाह म्हणाली.

"आणि व्याह्यांच्या पानात करपट भात पडला, तर ते काय समजतील?"

 तुकिनाहने समिराहच्या पाठीमागे जाऊन एक झाकण फरशीवर टाकलं. सगळ्या बायका दचकल्या. म्हातारी वळलीसुद्धा नाही.

मग तुकिनाहने उशीतला कापूस काढला, ओला करून स्वतःच्या दोन्ही कानांत कोंबला आणि दुसऱ्या भांड्यापुढे जाऊन बसली. "बू गुरू, आता माझ्याशी भांडू नका. ऐकू येणार नाही."

बराच वेळ ती वाफेकडे बघत राहिली. वाफेवरून काही कळेना. हात लावावा, तर चटका. शेवटी तिने लांब दांड्याचा लाकडी डाव भांड्याला टेकवला. कौलाची थरथर दांड्यातून तळहातात आली. थरथर थांबली तशी तिने पाणी ओतलं.

वरवरचा चांगला भात, करपट वास जावा म्हणून पांदानची सुवासिक पानं घालून, वेगळा काढला, कमी पडणारा नव्याने लावला. तुकिनाह म्हातारीच्या समोर, तोंड दिसेल अशी बसली आणि डाव तिच्या हातात दिला.

"म्बाह, हा असा टेकवून धरायचा. नवी पद्धत आहे."

"कुणी काढली?"

"मी. मला हल्ली कमी ऐकू येतं."

"पासष्टीचीही नाहीस आणि बहिरी झालीस?" समिराह म्हणाली. "कान धूत जा जरा."

विहीणबाईंनी भात दोनदा मागून घेतला. पुढच्या वर्षी वर्गात विदारतीने ‘तेपा सलिरा’ची व्याख्या लिहायला लावलीच नाही. नावं बदलून ही भाताची गोष्ट सांगितली.

समिराहने त्यानंतर चार वर्षं गावाचा भात शिजवला. तुकिनाह आता त्र्याहत्तर वर्षांची आहे. गुडघ्यांमुळे तिला खाली बसवत नाही. कार्य कुणाकडेही असो, ती चुलीपाशीच खुर्चीवर बसून छोटे कांदे सोलते.