रेल्वेच्या दोन्ही बाजूंच्या इंदुताई

डॉ. इंदुमती सबनीस यांची आणि माझी पहिली भेट बसस्टॉपवर झाली, आणि तेव्हा मी उशीर करणाऱ्या बसला शिव्या घालत होतो. मराठीत. नॉटिंगहॅमच्या उत्तरेला असलेल्या या कोळशाच्या खाणींच्या गावात त्या कोणाला कळतील, अशी भीती वाटण्याचं कारण नव्हतं. शेजारी उभ्या असलेल्या, रेनकोटातल्या ठेंगण्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "कौन्सिलला लिहिलंत का?"

मी ओशाळलो. "मी कशाला लिहू? मी थोडाच इथला आहे! वर्क व्हिसावर आलोय."

"राहता इथे, टॅक्स भरता इथे, बस चुकते तीही इथेच. आणि कॉमनवेल्थमधल्या माणसाला इथे व्होट करता येतं, माहितीये ना?"

मला माहीत नव्हतं. आठवड्याच्या आत मतदार नोंदणीचा फॉर्म घेऊन ताई दारात हजर झाल्या. 'अहो'वरून 'अरे'वर यायला त्यांना आणखी महिनाभर लागला.

नागपूरला शिकलेल्या ताई ऐन तारुण्यात इथे आल्या आणि तीस वर्षं त्यांनी खाणकामगारांच्या छात्या तपासल्या. पुढे खाणी बंद पडल्या. कोळसा जमिनीखाली तसाच राहिला, मुलं शहरात निघून गेली, आणि ताई रिटायर झाल्या. इंग्लंडमधले त्यांच्या वयाचे बहुतेक मराठी डॉक्टर मुलांजवळ किंवा बऱ्या हवेच्या गावी राहायला गेले. ताई हलल्या नाहीत. कोणाच्या फुफ्फुसात किती धूळ आहे, हे त्यांना आजही तोंडपाठ असतं, आणि वाटेत भेटलेल्या माणसाला "खोकून दाखवा" म्हणायला त्या मागेपुढे पाहत नाहीत.

माझ्या पत्नीच्या बाळंतपणाला सासूबाईंचा व्हिसा वेळेवर आला नाही. आम्ही रडकुंडीला आलो होतो. ताई बॅग घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "लाडू मला येत नाहीत, पण बाळाला न्हाऊ घालता येतं." तीन आठवडे त्या आमच्याकडे राहिल्या. त्या दिवसांबद्दल मी त्यांचे आभार मानायला गेलो, तर त्यांनी विषय बदलला. आज छापून मानतो आहे, आता बदला म्हणावं.

पण ताईंचा खरा पिंड मला दिसला तो वॉर्डाच्या लढाईत. कौन्सिलच्या वॉर्डांच्या हद्दी नव्याने आखणाऱ्या समितीने एक नकाशा प्रसिद्ध केला. आमच्या गावाच्या मधोमध जाणारी रेल्वेलाइन हीच त्यात नवी हद्द होती. अर्धं गाव एका शहराच्या वॉर्डाला जोडायचं, उरलेलं दुसऱ्याच्या. म्हणजे गावाचा स्वतःचा कौन्सिलर जाणार, आणि दवाखाना, लायब्ररी, बस यांच्यासाठी भांडायला हक्काचं कोणी उरणार नाही. हरकती पाठवायला थोडेच आठवडे होते.

आपल्याकडे अन्याय झाला की पहिलं काय होतं? निवेदन. मी एक झकास, मुद्देसूद निवेदन टाइप केलं, खाली सह्यांसाठी रेघा आखल्या, भरपूर कॉप्या काढल्या. नॉटिंगहॅमच्या मराठी मंडळातले चार मित्र मदतीला आले. एका रविवारात आम्ही दोनशे सह्या आणल्या आणि गठ्ठा ताईंपुढे ठेवला. शाबासकीची वाट पाहत होतो.

ताईंनी उभ्याउभ्याच वाचलं. "छान आहे. ह्यात गाव कुठाय?"

"अहो ताई, अख्ख्या गावाच्या सह्या आहेत!"

"सह्या आहेत. त्यांना सह्या मोजायच्या नाहीयेत रे, रीझन्स हवेत. लाइनच्या ह्या साइडचा माणूस त्या साइडला कशाला जातो, हे ह्यात एकाने तरी सांगितलंय?"

मला राग आला, खोटं कशाला बोलू? रविवार माझा गेला होता. पण दुसऱ्याच दिवशी ताईंनी कामगारांच्या जुन्या क्लबचा हॉल मागून घेतला, टेबलं मांडली आणि लोकांना एकेक करून बोलावलं. प्रत्येकाने स्वतःचं पत्र स्वतःच लिहायचं. लिहिता न येणाऱ्यांनी सांगायचं, आम्ही उतरवायचं.

माझ्यासमोर अल्बर्ट बसला. ऐंशीचा, ताईंचा जुना पेशंट. तो सांगू लागला, की रेल्वेचा पूल ओलांडून तो रोज पलीकडे जातो, कारण खाणीतला त्याचा जोडीदार तिथे अंथरुणाला खिळलाय आणि त्याला सूप लागतं. लीकचं, म्हणजे इथल्या जाड कांद्याच्या पातीचं, गाजर न घालता. मी पेन थांबवलं. "सूप कशाला? आपण 'सामाजिक संबंध' असं लिहू."

मागून ताईंचा आवाज आला. "सूप राहू दे. गाजर नाही, तेही लिही."

शेवटच्या दिवशी त्यांनी माझ्यापुढे कोरा कागद ठेवला. "तुझं?" मी जुनंच म्हणालो, की मी इथला नाही. "पोरीचा जन्म इथला ना? मग लिही." मी लिहिलं. लिहिताना डोळे भरून आले, तेही सांगून टाकतो.

समितीने नकाशा बदलला. लाइनच्या दोन्ही बाजूंची माणसं रोज एकमेकांकडे जा-ये करतात आणि एकमेकांची देखभाल करतात, म्हणून गाव एकाच वॉर्डात ठेवावं, असं अहवालात कारण दिलं होतं. अल्बर्टला मी ते दोनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा त्याने ते जोडीदाराला वाचून दाखवण्यासाठी मागून नेलं.

वॉर्ड वाचला, पण जुना कौन्सिलर पुन्हा उभा राहायला तयार नाही. तेव्हा ताईंनी स्वतःच अर्ज भरायचं ठरवलं आहे, अपक्ष म्हणून. मी भीत भीत वयाचा विषय काढला. त्या म्हणाल्या, "टर्म चार वर्षांची असते. पंचाहत्तर अधिक चार किती, तू इंजिनिअर ना?"

ताई, पंचाहत्तरीनिमित्त तुम्हाला विश्रांती लाभो, असं मी म्हणणार नाही. तुम्ही ती घेणार नाही आणि गावाला ती परवडणार नाही. उदंड जगा, ठणठणीत जगा. मला आयुष्यात पहिल्यांदा मनापासून मत द्यायचं आहे, तुम्हाला. येत्या मे महिन्यात, आणि चार वर्षांनी पुन्हा.