सोपा झाडायचा राहिला

आमच्याकडं माणूस लांबच्या वाटेला लागला की तो पोचल्याचं कळेपर्यंत घर झाडत नाहीत. पाठोपाठ केरसुणी फिरवायची ती मयत उचलल्यावर. वडील फौजेत होते. सुट्टी संपवून ते निघाले की आई सोपा, म्हणजे आमची पुढची खोली, तशीच ठेवायची. 'सुखरूप पोचलो' असं पत्र यायला आठ-दहा दिवस जायचे. तोवर वडिलांच्या बुटांची माती फरशीवर, आणि आम्ही पोरं कडेकडेनं चालायचो. पत्र आलं की आई पदर खोचून सोपा असा लख्ख करायची की बघत राहावं. वडील धडधाकट परत आले, पेन्शन खाल्ली, म्हातारे होऊन आपल्या अंथरुणात गेले. आईच्या मते ही सगळी त्या केरसुणीची पुण्याई.

मी असल्या गोष्टी मानणारा नव्हे. कुपवाडच्या कारखान्यात साच्यांची डिझाइनं करायचो, तिथं केसाएवढी चूक खपत नाही. बारा-बारा तास काम, वर रविवारी साहेबाचा फोन. पोरगी जागी कधी दिसायचीच नाही. कसलं मेलं जगणं! जर्मनीतून बोलावणं आलं तेव्हा मी मागचापुढचा विचार केला नाही.

मेढ्याच्या पलीकडं डोंगरात आमचं गाव. बायको-पोरीला घेऊन निघालो तेव्हा पाऊस होता. आईला म्हणालो, "दोन वर्षं फक्त. मग परत." ती म्हणाली, "बरं." तिकडं उतरल्या उतरल्या फोन केला, "आई, पोचलो बघ. झाड आता सोपा."

"बघू," म्हणाली.

तिच्या काळजीपोटी सोप्यात कॅमेरा बसवून आलो होतो. आत काही हललं की माझा फोन टिंग करतो. आई आली-गेली की वाजायचाच. आठवड्यानं बघतो तर सोपा तसाच, माझ्या बुटांचे चिखलाचे ठसे दारापासून बाकड्यापर्यंत. मी जाम भडकलो. "अगं, सांगितलं ना पोचलो म्हणून!" त्यावर तिनं पोरीची चौकशी केली आणि फोन ठेवला.

मग ते नऊ वाजताचं सुरू झालं. सकाळी नवाला ऑफिसात बसलो की टिंग. तिकडं भर दुपार, आई रानात, दाराला कुलूप. उघडून बघावं तर सोपा रिकामा. बाकडं, कॅलेंडर, खिडकीतलं ऊन. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कॅमेरा बदलून घेतला तरी तेच.

शेवटी चुलतभावाला किल्ली घेऊन बघायला लावलं. तो आतूनच फोनवर बोलत होता. "काय न्हाई गड्या. मांजरबी न्हाई. पर..."

"पर काय?"

"तुजं ठसं वलं हायत रं."

मला जाऊन चार महिने झाले होते. मी त्याला शिव्या घातल्या.

संध्याकाळी आईला विचारलं, "दुपारी आपल्या घरात कोण येतं?"

"तूच की," ती म्हणाली. "बाकड्यावर बसतूस, न् मी यायच्या आदी जातूस."

"तू रानात असतेस. तुला काय माहीत?"

"बाकडं कोमट आसतं न्हवं."

दोनाची चार वर्षं झाली. "कवा येतूस?" ती विचारायची, मी म्हणायचो, "पुढच्या वर्षी." खोटं बोलत होतो. पाचला घरी पोचायची, पोरीला सायकलवर घेऊन हिंडायची चटक लागली होती. कायमचं राहण्याचा अर्ज केला तो आईला सांगितला नाही. बायकोलाही बजावलं, तिकडं एक शब्द बोलू नकोस. भित्रा म्हणा हवं तर, होतोच मी भित्रा.

एका गुरुवारी सकाळी कायमचं राहायचं कार्ड हातात पडलं. कचेरीतून बाहेर आलो आणि फोन वाजला. नऊ वाजले होते.

या वेळी सोप्यात माणूस होतं. आई होती. रानात गेली नव्हती. पदर खोचलेला, हातात केरसुणी, बाकड्यापासून दाराकडं एकेक ठसा झाडत निघाली होती. मी घाईनं फोन लावला.

"आई, काय चाललंय?"

"सोपा झाडतीया."

"आज का?"

ती थांबली. कॅमेऱ्याकडं तिनं आजवर कधी पाहिलं नव्हतं. आता मान वर करून सरळ माझ्याकडं पाहिलं.

"आता पोचलास न्हवं तू?" म्हणाली. "लय दिस लागलं, लेकरा."

ती खाली वाकली आणि उरलेली माती उंबऱ्याबाहेर लोटली.

अजून रोज नवाला मी फोन समोर ठेवून बसतो. वाजत नाही.